नाडी 41, ठोके 82: एका धडधडीचं प्रकरण

खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळाच्या पडद्यावर 41 हा आकडा होता. "रात्री तर 39 दाखवत होतं, डॉक्टर. मला पेसमेकर बसवावा लागेल का?"

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. तपासणीच्या खोलीत पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या गोष्टी एकाच रुग्णाच्या नावावर मांडून ते रचलं आहे, आणि रुग्णाचे आकडेही प्रत्यक्षात जसे दिसतात तसेच घेतले आहेत. अभ्यासासाठी म्हणून ते एकाच बाईचं आहे असं समजून वाचावं.

वय 43, बैठं काम, आधीचा कुठलाही मोठा आजार नाही. पाच महिन्यांपासून छातीत मधूनच "मासा उलटल्यासारखं" होत होतं. सुरुवातीला आठवड्यातून एकदोनदा, मग रोज. दिवसा कामाच्या गडबडीत फारसं जाणवायचं नाही. रात्री डाव्या कुशीवर वळल्या की हमखास. मग घड्याळ आलं, आणि घड्याळात 41, 43, 39 असे आकडे दिसायला लागले. घरच्या रक्तदाबाच्या यंत्रानंही नाडी 42 दाखवली, तेव्हा संशयाला साक्षीदारच मिळाला. दोन यंत्रं एकच सांगतात म्हटल्यावर माणूस आणखी काय समजणार?

मी त्यांना एक साधी विनंती केली: छातीत जे होतं ते टेबलावर बोटानं वाजवून दाखवा. शब्दांत सांगताना सगळ्यांचीच धडधड सारखी असते. बोटांत ती वेगळी निघते. कोणी एकदम भरधाव पण एकसारखा ताल वाजवतं आणि म्हणतं, बटण दाबल्यासारखी सुरू होते, बटण दाबल्यासारखी थांबते. तिथे एसव्हीटीचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक उसळणाऱ्या भरधाव तालाचा, विचार करायचा. त्यात ठोके बहुधा मिनिटाला 150 ते 220 च्या दरम्यान असतात. कोणी मुठीतून दाणे सांडावेत तसं कशाचा कशाला मेळ नसलेलं वाजवतं. तिथे कर्णिकांचं फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, डोळ्यांसमोर येतं. ते वेगळंच प्रकरण आहे, कारण त्यात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. या बाईंनी वाजवलं ते असं: टक, टक, टक-टक, मग रिकामी जागा, मग जोरात टक्क. त्या रिकाम्या जागेवर त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "इथे. इथे मला वाटतं, आता पुढचा येणारच नाही."

काळजाचा ठोका चुकला असं आपण म्हणतो. या तक्रारीत बहुतेकदा ठोका चुकलेला नसतो, वेळेआधी आलेला असतो. हृदयाचा ताल ठरवणारा सायनस नोड उजव्या कर्णिकेत आहे. तिथून हुकूम सुटायच्या आधीच जवनिकेतल्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातल्या, एखाद्या ठिपक्याएवढ्या जागेनं परस्पर ठोका देऊन टाकला, की त्याला एक्टोपिक म्हणतात. तोवर जवनिका पुरती भरलेली नसते, त्यामुळे या घाईच्या ठोक्यातून रक्त थोडंच बाहेर पडतं. मागोमाग सायनस नोडचा नेहमीचा हुकूम येतो, पण जवनिकेचा स्नायू अजून सावरलेला नसतो, म्हणून तो वाया जातो. मधे लांबट विराम पडतो. त्या विरामात जवनिका नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा ठोका, जो अगदी सरळ आणि निरोगी असतो, छातीवर आतून थाप मारल्यासारखा लागतो. म्हणजे ज्या ठोक्यानं त्या दचकत होत्या तो गुन्हेगार नव्हताच. गुन्हेगार त्याच्या आधीचा, आणि तो बहुतेक वेळा जाणवतसुद्धा नाही.

41 चं कोडंही यातच होतं. मी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यांच्या मनगटावर. कानात 82, बोटांखाली 41. एक सरळ ठोका, एक एक्टोपिक, पुन्हा एक सरळ, पुन्हा एक एक्टोपिक. या जोडीला बायजेमिनी म्हणतात. एक्टोपिकनं ढकललेलं रक्त इतकं थोडं असतं की त्याची लाट मनगटापर्यंत पोचत नाही. घड्याळ प्रकाशाच्या साहाय्यानं लाटा मोजतं, रक्तदाबाचं यंत्र दंडाच्या पट्ट्यातली कंपनं मोजतं. हृदयातली वीज दोघांनाही दिसत नाही. म्हणून दोघांनी मिळून एकच चूक केली. ईसीजीची पट्टी हातात आल्यावर मी त्यांच्यासमोर पेनानं एकेक ठोका मोजला. त्यांनी स्वतः पुन्हा मोजला. पेसमेकरचा विषय तिथे संपला. भीतीचा संपला नाही.

मला विचाराल तर अशा प्रकरणात तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली पाहिजेत: ठोका कुठून येतो, ज्या हृदयात येतो ते हृदय कसं आहे, आणि असे ठोके दिवसाला किती. रुग्णाला किती भीती वाटते हा चौथा प्रश्न. उपचाराचा बराच भाग त्याच्याभोवती फिरतो, पण धोका त्यावरून ठरत नाही. हजारो एक्टोपिक असलेली माणसं काहीही न जाणवता हिंडत असतात, आणि दिवसाला वीस असलेली माणसं रात्र रात्र जागी असतात.

आधी विचारपूस. कधी शुद्ध हरपली का? जिना चढताना किंवा पळताना धडधड सुरू होते का? छातीत दुखतं का, दम लागतो का? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का, किंवा पोहताना, गाडी चालवताना कारण न कळता दगावलं का? हे प्रश्न मी हळू विचारतो, कारण यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर पुढचा सगळा रस्ता बदलतो आणि घाई करावी लागते. त्यांची सगळी उत्तरं 'नाही' होती. फक्त शेवटच्या प्रश्नाला त्या अडखळल्या: मामा झोपेत गेले होते. वय? 71. त्यांच्या मनात हा मामा पाच महिने पुरावा म्हणून उभा होता. 71 व्या वर्षी झोपेत गेलेल्या मामावरून भाचीच्या हृदयाबद्दल काही ठरत नाही, हे मी सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे.

मग औषधं. "काहीच घेत नाही," असं उत्तर आलं. हे उत्तर मी कधीच पहिल्या फटक्यात मान्य करत नाही. "सर्दीला काही?" तेव्हा पिशवीतून पाकीट निघालं. ॲलर्जीमुळे नाक सारखं चोंदायचं, म्हणून दोन महिने जवळजवळ रोज एक गोळी. त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन होतं. नाकातल्या रक्तवाहिन्या आखडवण्यासाठी ते असतं, पण हृदयालाही ते चिथावतं. चहा-कॉफी त्यांनी तीन महिन्यांपूर्वीच बंद केली होती आणि फरक शून्य. पाळी? "तशी नेहमीचीच." नेहमीची म्हणजे किती दिवस? आठ-नऊ. गुठळ्या? हो. दोन वर्षांपासून. हा तपशील त्यांनी आपणहून सांगितला नव्हता. हृदयाच्या डॉक्टरला पाळीबद्दल कशाला सांगायचं, असं त्यांना वाटलं, आणि त्यात त्यांची चूक नाही. आधी कोणी विचारलंच नव्हतं.

रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइड ठीक, पोटॅशियम 3.9, मॅग्नेशियम ठीक. हिमोग्लोबिन मात्र 10.4 आणि फेरिटिन 8. शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटली की हृदय ती तूट वेग वाढवून आणि जोर लावून भरून काढतं. त्या धडधडीवर एक्टोपिकची भर पडली की दोन्हींची सरमिसळ होते आणि कुठली कुठली ते रुग्णाला वेगळं करता येत नाही.

टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची रचना आणि झडपा उत्तम, आकुंचनाची ताकद म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन 60 टक्के. ट्रेडमिलवर ठोके मिनिटाला 120 च्या पुढे गेले तसे एक्टोपिक पुसल्यासारखे नाहीसे झाले. थांबल्यावर काही मिनिटांनी तुरळक परतले. हे लक्षण चांगलं. व्यायामानं वाढत जाणारे एक्टोपिक असते तर मी इतका निवांत राहिलो नसतो. ईसीजीतले सगळे एक्टोपिक एकाच साच्यातून काढल्यासारखे होते. त्यांचं रूप बघता ते उजव्या जवनिकेच्या वरच्या टोकाहून, जिथून रक्त फुप्फुसांकडे निघतं तिथून, येत असावेत. निरोगी हृदयातल्या एक्टोपिकचं हे अगदी ओळखीचं बिऱ्हाड.

इथे एक खाचखळगा आहे. उजव्या जवनिकेचा एक आनुवंशिक आजार असतो. त्यात स्नायूची जागा चरबी आणि तंतू घेतात, आणि सुरुवातीला तोही अशाच निरुपद्रवी दिसणाऱ्या एक्टोपिकच्या वेषात येतो. एमआरआय करायचा का? मी बराच विचार केला. त्यांच्या सरळ ठोक्यांमध्ये ईसीजीच्या छातीवरच्या पहिल्या तीन लीड्समध्ये (नोंदींमध्ये) टी-लहरी, म्हणजे ठोक्यानंतर स्नायू सावरतानाच्या लहरी, उलट्या नव्हत्या, घराण्यात तसा इतिहास नव्हता, कधी शुद्ध गेली नव्हती, व्यायामात एक्टोपिक मावळत होते, आणि साचा एकच होता. म्हणून एमआरआय थांबवला. माझ्या जागी दुसऱ्यानं केला असता तर मी त्याला दोष दिला नसता. यातली एक जरी गोष्ट उलटी असती तर मीही केला असता.

ईसीजीची पट्टी जेमतेम 10 सेकंदांची असते. हृदय दिवसात सुमारे एक लाख वेळा धडकतं. 10 सेकंदांवरून लाखाचा हिशेब मांडणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि हा भात सगळीकडे सारखा शिजलेला नसतो. म्हणून होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर बाळगायचं ईसीजीचं यंत्र. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेण्याचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांचं सुरुवातीचं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन सुमारे 38 किलो होतं. आता ते काडेपेटीएवढं झालं आहे. ते लावून त्या एक दिवस नेहमीसारख्या वावरल्या. काही जाणवलं की बटण दाबायचं आणि वेळ लिहायची, एवढंच काम.

अहवाल असा: एकूण ठोके 1,04,300. त्यातले जवनिकेचे एक्टोपिक 9,180, म्हणजे 8.8 टक्के. लागोपाठ दोन असे थोडे. लागोपाठ तीन एकदाही नाही. सर्वांत जास्त रात्री साडेनऊ ते तीनच्या दरम्यान. आणि बटण किती वेळा दाबलं? 17 वेळा. त्यातल्या 11 वेळा खरोखर एक्टोपिक होते, दोनदा सरळ तालच पण वेगानं चाललेला, आणि चार वेळा काहीच नव्हतं. शुद्ध सरळ ताल, मिनिटाला 76.

हा कागद मी त्यांना दिला आणि गप्प राहिलो. त्या बराच वेळ वाचत होत्या. मग म्हणाल्या, "नऊ हजार झाले आणि मला अकराच कळले?" हो. उरलेले नऊ हजारांहून अधिक त्यांनी जेवताना, बोलताना, झोपेत पार केले होते. त्यांना हे ऐकून हायसं वाटेल अशी माझी अटकळ होती. उलट झालं: "म्हणजे मला न कळताही होतंय!" एकच आकडा एकाला धीर देतो आणि दुसऱ्याची झोप उडवतो. तेव्हापासून असा अहवाल हातात देताना मी गप्प राहत नाही, आधी चार वाक्यं बोलतो.

8.8 टक्के हा आकडा अवघड जागी येतो. 1977 साली हृदयविकार नसलेल्या 50 तरुण वैद्यकीय विद्यार्थ्यांना 24 तास असंच यंत्र लावलं होतं. निम्म्यांमध्ये जवनिकेचा किमान एक एक्टोपिक सापडला. हा दाखला डॉक्टर मंडळी फार आवडीनं देतात. पण त्या मुलांचे एक्टोपिक मोजके होते, हजारोंनी नव्हते, म्हणून "अहो, सगळ्यांनाच असतात" एवढ्यावर या बाईंची बोळवण करणं प्रामाणिकपणाचं झालं नसतं. दुसरीकडे, एक्टोपिकचं प्रमाण वर्षानुवर्षं 10 टक्क्यांच्या वर राहिलं तर काही जणांचा हृदयस्नायू दमतो आणि आकुंचनाची ताकद घटते. ती घट बहुतेक वेळा एक्टोपिक आवरले की भरून येते. त्या या उंबरठ्याच्या अलीकडे होत्या, पण उंबरठा दिसत होता. म्हणून ठरवलं: आज घाबरण्याजोगं काही नाही, पण इको वर्षाला एकदा, न चुकता.

उपचार बरेचसे रटाळ होते. सर्दीची ती गोळी बंद, त्याऐवजी नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, गर्भाशयात छोटी गाठ निघाली, रक्तस्राव आटोक्यात आणणारं औषध सुरू झालं. लोहाची गोळी एक दिवसाआड. झोपेची वेळ ठरवून घेतली, एवढ्यासाठी की अपुऱ्या झोपेच्या दुसऱ्या दिवशी एक्टोपिक जास्त जाणवतात हे त्यांच्याच वहीत दिसत होतं.

कॉफीबद्दल त्यांनी विचारलं, कारण ती सोडल्याचं दुःख मोठं होतं. 2023 साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. 100 निरोगी माणसांना 14 दिवस रोज संदेश जायचा, आज कॉफी घ्या किंवा आज टाळा. कर्णिकेचे एक्टोपिक कॉफीमुळे लक्षणीय वाढले नाहीत. जवनिकेचे वाढले, दिवसाला सरासरी 102 वरून 154. झोप कॉफीच्या दिवशी अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. म्हणजे कॉफी अगदीच निर्दोष नाही, पण नऊ हजारांच्या हिशेबात अशा पन्नासाची काय कथा. सकाळचा एक कप परत सुरू करा, दुपारनंतर नको, असं सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या हसल्या.

"मग हे ठोके बंद करणारी गोळी का देत नाही?" हा प्रश्न त्यांच्या यजमानांचा. रास्त प्रश्न, आणि त्याचं उत्तर वैद्यकशास्त्राला महागात पडलेलं आहे. 1989 साली कास्ट या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे एक्टोपिक एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी दाबले. एक्टोपिक खरंच कमी झाले. मृत्यू मात्र वाढले, आणि ती औषधं थांबवावी लागली. या बाईंचं हृदय झटका आलेलं नव्हतं, त्यामुळे तो धोका जसाच्या तसा त्यांना लागू होत नाही. पण पट्टीवरचे ठोके पुसणं आणि माणूस सुरक्षित होणं या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढं त्या अभ्यासानं कायमचं शिकवलं. एक्टोपिक पुसायचे असतील तर कारण हवं: सहन न होणारा त्रास, किंवा हृदयाची घटती ताकद.

त्रास होताच, म्हणून मेटोप्रोलॉल 25 मिलिग्रॅम देऊन पाहिलं. नाडी आधीच 41 असताना वेग कमी करणारी गोळी, यावर त्यांचा विश्वास बसवायला पंधरा मिनिटं गेली. पुन्हा ईसीजी, पुन्हा पेन. सहा आठवड्यांनी त्या परत आल्या: दिवसभर अंग जड, विचित्र स्वप्नं, धडधड जैसे थे. हेही घडतं. मूळ ताल मंदावला की दोन ठोक्यांमधली जागा वाढते आणि एक्टोपिकला घुसायला वाव मिळतो. गोळी एकदम न तोडता हळूहळू कमी करत बंद केली.

सर्वांत चिवट दुखणं मात्र बोटांत होतं. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा मनगटावर किंवा मानेवर बोटं जायची. नाडी सरळ लागली तर दोन मिनिटांचा दिलासा, अडखळली तर तासाभराची कासाविशी. घड्याळानं याच सवयीला पडदा पुरवला होता. आम्ही करार केला: घड्याळ कपाटात, नाडी मोजणं बंद, आणि धडधड झाली तर हातातलं काम तसंच चालू ठेवायचं. कधी धावत यायचं तेही लिहून दिलं: शुद्ध हरपली किंवा हरपेलसं वाटलं, छातीत दुखलं, दम लागला, किंवा स्वस्थ बसूनही भरधाव ठोके काही मिनिटांत शांत होईनात.

सातव्या आठवड्यात, रात्री अडीच वाजता, त्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात पोचल्या. त्या दिवशी एका ओळखीच्या माणसाचा अचानक मृत्यू झाल्याचं कळलं होतं. ईसीजीत मिनिटाला 112, पूर्ण सरळ ताल, एकही एक्टोपिक नाही. दुसऱ्या दिवशी त्या ओशाळल्यागत म्हणाल्या, "उगाच गेले." मला तसं वाटत नाही. ठोके शांत होईनात तेव्हा जायचं असंच ठरलं होतं, आणि ऐन भीतीच्या क्षणी काढलेली ती पट्टी होल्टरच्या अहवालापेक्षा जास्त कामाची ठरली. इतक्या महिन्यांत त्यांना सर्वांत जास्त भीती वाटली त्या घटकेला एक्टोपिक नव्हतेच. ही पट्टी घेऊनच त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचाराच्या आठ बैठका झाल्या.

चौथ्या महिन्यात दुसरा होल्टर. 98,600 ठोक्यांत 5,410 एक्टोपिक, 5.5 टक्के. हिमोग्लोबिन 12.6, फेरिटिन 34. त्यांनी लोहाला श्रेय दिलं, यजमानांनी बंद केलेल्या सर्दीच्या गोळीला. मी कोणालाच दिलं नाही. काहीही न करता एकाच माणसाचे एक्टोपिक एका दिवशी नऊ हजार आणि महिन्याभरानं चार हजार निघू शकतात. माणूस सर्वांत वाईट काळात तपासायला येतो, त्यामुळे पुढचा आकडा कमी येण्याकडेच कल असतो. थकवा गेला, जिना चढताना छाती भरून येणं गेलं, याचं श्रेय मात्र लोहाला नक्की.

ॲब्लेशनबद्दल त्यांनी वाचलं होतं. जांघेतल्या शिरेतून तार हृदयात नेऊन तो ठिपका जाळायचा. त्यांचे एक्टोपिक ज्या जागेहून येत असावेत तिथे अनुभवी हातांना यश बहुतेक वेळा मिळतं, आणि क्वचित हृदयाच्या भिंतीला छिद्र पडण्यासारखी गुंतागुंतही होते. इजेक्शन फ्रॅक्शन घसरलं, प्रमाण 10 टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिलं, किंवा त्रासानं रोजचं जगणं अडलं, तर तो पर्याय उघडा आहे. आज नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं.

अकराव्या महिन्यात त्या वार्षिक इकोसाठी आल्या. इजेक्शन फ्रॅक्शन 61 टक्के. मनगटावर घड्याळ परत होतं. माझी नजर गेलेली पाहून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला: पावलांचा आकडा होता, नाडीची खिडकी बंद केलेली. "अजून होतं का?" मी विचारलं. "कालच झालं, डाव्या कुशीवर वळले तेव्हा," त्या म्हणाल्या. मग? "मग उजव्या कुशीवर वळले."